केसांची पुडी

१५ जानेवारी
मठात आलो! गुडघाभर बर्फ तुडवत. कॉलेज सोडलं म्हणून बाबा ओरडले, "पुन्हा तोंड दाखवू नकोस." नाही दाखवणार! आणि दुन्या — तिच्याजवळ राहायला मिळावं म्हणून शहर सोडून गावी आलो, तर म्हणते, "आधी परीक्षा दे, मग बोलू."

आमच्या देशाचा संत सावासुद्धा कधीकाळी असाच घरातून मठात पळाला होता. तेव्हा तो राजपुत्र रास्त्को, माझ्याच वयाचा. बापानं मागे सैनिक धाडले. यानं मनोऱ्यावर चढून केस कापले, राजवस्त्रांसकट खाली फेकले — न्या म्हणे बापाला! बघू, माझ्यामागे कोण येतं.

१८ जानेवारी
कुणी नाही.

२१ जानेवारी
लाकडं फोडली. गोठा साफ केला. जेवायला बिनतेलाचा घेवडा. पाठ मोडली. मठाचे प्रमुख गेरासिम महाराज, त्यांना सावाचं बोलून बसलो, आता रोज तेच विचारतात, "काय राजपुत्र, सैन्य वाट चुकलं का रे?"

२२ जानेवारी
मेंढ्यांच्या कातरीनं केस कापले. पुडी बांधून दूधवाल्याबरोबर दुन्याला धाडली. रडेल तरी! महाराजांनी डोकं पाहिलं. "मेंढीसुद्धा यापेक्षा शांत उभी राहते." मग स्वतःचा जुना काळा झगा दिला, माझं जाकीट भिजलं होतं. "थंडीपुरता दिलाय. साधू झालास असं समजू नकोस."

२५ जानेवारी
दुन्याचा निरोप नाही. आता रागही येईना. नुसती झोप येते.

२७ जानेवारी, सावाचा सण
अंगणातला बर्फ ओढत होतो. फाटकातून बाबा आले. एकटे, काठी टेकत. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात उन्हात चमकणारा बर्फ. सरळ माझ्यापुढे वाकले, माझा हात धरून ओठ टेकले. "महाराज, आशीर्वाद द्या."

मला!

बाबांनी खिशातून पुडी काढली. "माझ्या पोराचे केस. दुन्यानं आणून दिले. तो इथं असेल तर सांगा, न्यायला नाही आलो. साधू व्हायचं तर होऊ दे. पण टोपी घाल म्हणावं. लहानपणापासून कान दुखतो त्याचा."

तोंड उघडलं असतं तर आवाज ओळखला असता. मान हलवून आत पळालो. ते भोजनघरात बसलेत, समोर आलुबुखाराची दारू तशीच. महाराज येऊन म्हणाले, "सैन्य आलंय. दमलंय बिचारं."

२७ जानेवारी, पुन्हा
"बाबा," म्हणालो, "कान दुखतोय."