ताण नको म्हणून

पंचवटी, नाशिक
३ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
खंडेरावचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना मला धाप लागते आणि तू मध्येच ओरडतोस, म्हणून पत्रच बरं. फुफ्फुसं आता सुधारायची नाहीत, पण आहेत तेवढ्यावर भागतंय. डॉक्टरांनी ताण घेऊ नका म्हणून बजावलं, तेव्हापासून लेक भाग्यश्री टीव्हीवर बातम्यासुद्धा लावू देत नाही. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, दिवसातून चार वेळा. पाहशील तर पोट धरून हसशील.

महिना झाला, तुझं पत्र नाही. कांदा काढणीत असशील. तरी दोन ओळी टाक, जीव लागून राहतो.

तुझाच,
खंडू

सटाणा
७ फेब्रुवारी २०२४

ती. काका,

पत्र पोचलं. बाबांचा हात दुखतोय, म्हणून मी लिहितो. ते मजेत आहेत. तुमच्या चंबूला खूप हसले. इकडे यायची मुळीच घाई करू नका, औषधं वेळेवर घ्या.

माया आहे तशीच राहू द्या.

शेखर

पंचवटी, नाशिक
१३ फेब्रुवारी २०२४

शेखर,

तुझ्या पत्रात नमस्कार नाही. पत्र लिहायला तुला मीच शिकवलं, तू तो विसरणार नाहीस. सुतकात मात्र आपल्या घरात नमस्कार लिहीत नाहीत. खोटं लिहिताना हात अडला नाही, तेवढा नियम बरा पाळलास!

भाग्यश्रीला समोर बसवून विचारलं. दादा एक तारखेला गेला, म्हणाली. दहाव्याला तुम्ही सगळे रामकुंडावर होतात, माझ्या दारापासून दहा मिनिटांवर. मैत्रिणीकडे जाते सांगून तीही तिथेच आली होती. मी घरात मटार सोलत होतो.

मला ताण नको म्हणून! ऑक्सिजनच्या सिलिंडरसकट रिक्षात घातलं असतंत तरी आलो असतो. रडण्यापुरता श्वास होता रे माझ्यात. परक्यांनी केलं नसतं ते तुम्ही केलंत.

एकच विचारतो, आता तरी खरं सांग. दादाने शेवटी माझं नाव काढलं का?

खंडेराव

सटाणा
१७ फेब्रुवारी २०२४

ती. काकांस,
शेखरचा सा. न. वि. वि.

काढलं. शेवटचे तीन दिवस दुसरं काही बोललेच नाहीत. खंडूला बोलवा म्हणायचे. काका निघालेत, रस्त्यात आहेत, असं मी दर वेळी सांगत होतो. बाहेर गाडी वाजली की उशीवरून मान उचलायचे.

शेवटच्या सकाळी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, खंडू माझ्यावर कशाने रागावलाय. मी त्यांची उशी सारखी करत राहिलो.

लोभ मागायला मला तोंड नाही.

शेखर