खोडावर मारलेलं पाणी

प्रिय भिंगरे,

पत्र लिहू नकोस असं तू बजावलं होतंस, तरी लिहितोय. फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा घरच्यांनी मला दारात उभं केलं नाही. तुझ्या दादाने तो मुकादम असलेल्या बागेत कामाला लावलं. पेरूच्या ओळीओळीत बाटल्या टांगायच्या, आत यीस्टचं आंबूस पाणी. खायला मिळेल म्हणून फळमाशी आत शिरते आणि बुडून मरते. दर सोमवारी चहाच्या गाळणीने माश्या गाळायच्या, मोजायच्या, वहीत लिहायच्या. आकडा वाढला तरच फवारणी. पहिल्याच दिवशी दादा म्हणाला, "कॉलेजकुमार, एवढं डोक्यात कोरून ठेव. जुनं पाणी कॅनमध्ये भरून बागेबाहेर न्यायचं. झाडाखाली सांडलंस तर माश्या त्या वासावर जातील, बाटली रिकामी राहील आणि आपण उल्लू बनू."

मग तुझं लग्न ठरल्याची चिठ्ठी आली. त्या सोमवारी पहिल्या बाटलीतलं पाणी मी खोडावर भिरकावलं. फाट्‌! कानफटात बसावी तसा आवाज. काय बरं वाटलं म्हणून सांगू! त्या खोडाला मी तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचं तोंड लावलं होतं. मग ओळीच्या ओळी झोडपल्या. पुढचे तीन सोमवारही तेच. गाळणीत दोन-तीन माश्या यायच्या, तेवढ्याच लिहायचो. "यंदा माशी नाही रे," म्हणत दादाने फवारणी थांबवली.

तोडणीला पेरू कापले तर आत अळ्या वळवळत होत्या. मालकाने सगळ्यांदेखत किडका पेरू दादाच्या तोंडावर फेकून मारला. दादा मला गोदामामागे घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "पाणी कुठे ओतत होतास रे?" ओरडला असता तर मी कबूल केलं असतं कदाचित. त्या हळू आवाजानेच माझं टाळकं फिरलं. फांद्या वाकवायचा बांबू हाताला लागला. पहिला फटका खांद्यावर, दुसरा मनगटावर. काहीतरी कडकन मोडलं, मला वाटलं बांबूच. दादा पडला तरी मी लाथा घालत होतो. त्याने एकदाही हात उगारला नाही.

घरी त्याने शिडीवरून पडलो म्हणून सांगितलंय. आणि मी? मी तसाच मालकाकडे जाऊन म्हणालो, "वहीतले आकडे दादाच बदलायचा."

उद्या सकाळी त्याला कामावरून काढताहेत. तो तोंड उघडणार नाही. आपलं सगळं त्याला माहीत होतं, बोलला तर तुझं नाव निघेल. म्हणून सोबत दुसरा कागद ठेवलाय. त्यात तू नाहीस. पाणी, बांबू, माझं खोटं आणि खाली माझी सही, एवढंच. तो सकाळच्या आत मालकाला दे. मीच गेलो असतो, पण मालकाने दोन शब्द सुनावले की माझा हात उठेल. या हाताचा मला भरवसा राहिलेला नाही. मी सरळ पोलीस चौकीत चाललोय. हे पत्र आता फाड.

तुझाच म्हणवून घ्यायची लायकी घालवलेला,
कॉलेजकुमार