हरण्यासाठी लढलेली केस

प्रिय दादा,

आज आपण जिंकलो! माझ्या लेकीला आता माझ्या नावावर नागरिकत्व मिळणार, बाप परदेशी असला तरी. आणि एकट्या तिलाच नाही. आंतरराष्ट्रीय कोर्टाच्या करारात असलेल्या सगळ्या देशांतल्या आयांना हा निकाल लागू आहे. केस चालवणाऱ्या आमच्या महिला संघटनेच्या कचेरीत आम्ही म्हाताऱ्या अक्षरशः नाचलो.

आता कबुली देते. सिस्टरांनी कॉन्व्हेंट शाळेत लावलेली ही सवय आनंदाच्या दिवशीही सुटत नाही.

सहा वर्षांपूर्वी इथल्या सगळ्यात वरच्या कोर्टात तू माझी केस हरलास आणि बाहेरच्या बाकावर तोंड झाकून बसलास. "छोटे, मी कमी पडलो गं," म्हणालास. मग वकिली सोडलीस, माझ्याकडे येणंही सोडलंस.

दादा, आपण हरणार हे मला ठाऊक होतं. संघटनेच्या वकीलबाई आधीच म्हणाल्या होत्या, "इथला कायदाच आडवा आहे. पण इथे शेवटपर्यंत हरल्याशिवाय आंतरराष्ट्रीय कोर्ट आपली केस घेणार नाही. भावाला सांगू नका, नाहीतर हातचं राखून लढतील."

मी गप्प बसले. तू मात्र जीव तोडून लढलास, आणि आज न्यायाधीशांनी निकालात तुझंच वाक्य वाचलं: "जिच्या पोटी मूल जन्मलं, ती कायद्याला परकी कशी?" लेक ओरडलीच, "अगं आई, हे तर मामाचं!"

हे पत्र टपालात टाकत नाही, स्वतः तुझ्या हातात देणार आहे. तुझा राग समोर बसून ऐकायचाय. उद्या सकाळी लेकीला घेऊन येते. वकीलबाईही येणार आहेत. पुढची केस त्यांना तुझ्याकडेच द्यायची आहे, आणि ती जिंकायची आहे.

तुझी लबाड बहीण,
छोटी