अर्बाबची खुर्ची

बाबा, वादी कबीरच्या वर्कशॉपमधली ती खुर्ची तुम्हाला आठवत असेल. काचेच्या केबिनमधली, काळ्या रेक्झिनची, गोल फिरणारी, जिच्यावरचं प्लास्टिक तुम्ही शेवटपर्यंत कुणाला काढू दिलं नाहीत. तिच्याबद्दल सांगायचं आहे. बाकी सांगण्यासारखं फारसं नाही. गल्लीत गॅरेजं वाढली, दुपारी शाळा सुटली की बसगाड्या अजून तशाच अडकतात, आणि आपण अजून मंदूसच करतो, पितळी खिळ्यांच्या त्याच पेट्या. पूर्वी त्या नवरीच्या कपड्यांसाठी जायच्या, आता हॉटेलांच्या लॉबीत जास्त जातात.

मी सहावीत असेन. शाळा सुटल्यावर घरी न जाता वर्कशॉपवर आले, तर तुम्ही बाहेर पेट्यांना पॉलिश मारत होतात. मी गुपचूप केबिनमध्ये शिरले आणि खुर्चीवर बसून गिरक्या घ्यायला लागले. तुम्ही दारात येता, हातात ब्रश तसाच. "ऊठ, बाय. ती अर्बाबची खुर्ची हाय." मी म्हणते, "पण ते तर कधी बसतच नाहीत." "बसोत नायतर न बसोत. ऊठ आधी." आवाज चढलेला नाही, पण मी उठते. तुम्ही खांद्यावरच्या पंच्याने प्लास्टिक पुसता, जणू मी काही सांडलं आहे, आणि बाहेर जाऊन आपल्या रंगाच्या उपड्या डब्यावर बसता. त्यावर घडी केलेलं गोणपाट असायचं, तीच तुमची गादी. त्या संध्याकाळी तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर पालथे पडला होतात आणि आई तव्यावर मिठाची पुरचुंडी गरम करून तुमची कंबर शेकत होती. ते रोजचंच होतं. एका बाजूला रिकामी खुर्ची, दुसऱ्या बाजूला ती कंबर, आणि दोन्ही एकाच दिवशी बघूनही मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलांना घरातलं सगळं बरोबरच वाटतं.

तुमचं बरोबर होतंही म्हणा. त्या काळी इथे आखातात परदेशी माणसाच्या नावावर दुकान निघत नव्हतं. लायसन अर्बाबचं, म्हणजे इथल्या अरब मालकाचं, जागा अर्बाबची, तुमच्या कामगार कार्डावर नुसतं 'सुतार'. कुणी सरकारी माणूस आला की करायचं काय, हे तुम्ही आम्हा सगळ्यांना घोटून शिकवलं होतं. हातातलं काम खाली ठेवायचं, उठून उभं राहायचं, आणि काहीही विचारलं तरी म्हणायचं, अर्बाबला माहीत. अर्बाब स्वतः गुरुवारी दुपारनंतर यायचे. केबिनमध्ये पाऊल न टाकता दाराजवळच्या बाकावर बसायचे, खजूर पुढे करायचे, काहवा ओतायचे, ती वेलचीची कडू कॉफी.

"कैसा है रफीक? दुकान कैसा?"

"आपका मेहरबानी, अर्बाब. आपका दुकान एकदम ठीक."

"ला, ला, नहीं. दुकान तुम्हारा है."

"नहीं अर्बाब, आपका."

हे दर गुरुवारी व्हायचं. मला वाटायचं, आपल्या पंगतीत जिलबीचा आग्रह होतो, तसलाच हा प्रकार. घेणाराही नको म्हणतो, वाढणाराही थांबत नाही, आणि शेवटी जिलबी ताटलीतच राहते.

तुम्ही गेलात, नंतर काही वर्षांनी अर्बाबही गेले. लायसन आता त्यांच्या धाकट्या मुलीच्या नावावर आहे. मोठ्या कचेरीतली नोकरी सोडून ती इथे आली, म्हणजे खरोखरच आली. रोज सकाळी येते, ऑर्डरी आणते, हॉटेलवाल्यांशी भांडते, निझवाच्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, दुकानदारांकडे स्वतः गाडी हाकत जाते. मला उख्ती म्हणते, म्हणजे बहीण. मी तिला मॅडम म्हणते, आणि ते तिला आवडत नाही. लाकूड, नक्षी, कारागीर हे माझ्याकडे. माझ्या कार्डावर 'कारकून' लिहिलेलं आहे आणि माझा इथला मुक्काम त्या कारकुनीवरच उभा आहे. नवरा गावी परतला, मुलगी पुण्याला शिकते. तिला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा हे पत्र तिच्याही कामाचं नाही.

तर झालं असं. सरकारने युरोपबरोबर मिळून छोट्या धंद्यांसाठी एक योजना काढली आहे. तिकडचा एखादा जाणकार येऊन दुकानात काही दिवस बसतो, काम बघतो, काय सुधारायचं ते सांगतो. त्याचं मत चांगलं पडलं तर नव्या यंत्रांना मदत आणि तिकडच्या प्रदर्शनात जागा. अट अशी की मालकाने धंदा स्वतः चालवला पाहिजे, नावापुरता मालक चालत नाही. मॅडमने उत्साहाने अर्ज केला आणि आपलं वर्कशॉप निवडलं गेलं. मला आनंद झाला, पण ती अट डोक्यातून जाईना. मी तोंड उघडलं तर मॅडम नावापुरती ठरेल आणि सगळंच जाईल, असं माझं गणित. मी कारागिरांनाही सांगून ठेवलं, काही विचारलं तर मॅडमला माहीत म्हणायचं. बाबा, तुमचंच वाक्य. फक्त अर्बाबच्या जागी मॅडम घातलं.

आलेला गृहस्थ उंच, पांढऱ्या मिशांचा, स्वतःच्या देशात फर्निचरचा छोटा कारखाना चालवून निवृत्त झालेला. सोबत सरकारी कचेरीतला एक तरुण, पांढऱ्या शुभ्र पायघोळ दिशदाशात, हातात फाइल. ती फाइल बघून माझे पाय आपोआप सरळ झाले. मॅडम पाहुण्यांसमोर त्या खुर्चीवर बसली, प्लास्टिकसकट. मी काहव्याचा थर्मास घेऊन दाराशी उभी. पाहुण्याने विचारलं, लाकूड कोण निवडतं? मी मॅडमकडे बघितलं. नक्षी कोण ठरवतं? कारागिरांनी मॅडमकडे बघितलं. पितळी खिळ्याआधी गिरमिटाने भोक का पाडता? मॅडमने माझ्याकडे बघितलं आणि मी माझ्या चपलांकडे. खिळा सरळ ठोकला तर सागाला चीर जाते, हे मी झोपेतही सांगितलं असतं. मॅडम म्हणाली, "आमच्या वडिलांच्या वेळेपासून असंच करतात." पाहुण्याने मान डोलावली. मग मी काहवा ओतला, तो छान झाल्याचं मात्र त्याने आवर्जून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आम्हा दोघींना समोर बसवून आपलं मत सांगितलं. माणूस सरळ होता, शब्द चघळत नव्हता. माल उत्तम आहे, म्हणाला. मालकीणबाई मेहनती आहेत, पण कामाची माहिती त्यांना नाही आणि ती नेमकी कुणाला आहे हे मला इथे दिसलं नाही. असं वर्कशॉप एक दिवस बंद पडतं. मी सुचवेन की काम जाणणारा एखादा मॅनेजर बाहेरून आणा, आणि त्याचा पगार निघावा म्हणून ऑफिसातली एक जागा कमी करा. ऑफिसात जागा होतीच एक. तो माझ्याकडे बघून कसनुसं हसला, कारण काहवा खरंच चांगला होता. मला राग आला नाही. विचारणाऱ्याला काय दोष द्यायचा? आपल्याच हाताने आपल्याला पुसून टाकलं होतं आणि पुसलेलं स्वच्छ दिसत होतं. ही जागा गेली की माझा व्हिसा जातो, आणि तुम्ही जन्मभर डब्यावर बसून उभं केलेलं वर्कशॉप मी बाहेरूनसुद्धा बघू शकणार नाही, एवढं मात्र त्या क्षणी लख्ख कळलं. खूप भीती वाटली, बाबा.

ते गेल्यावर मॅडमने केबिनचं दार लावलं.

"उख्ती, तुम क्यों चुप खडा था?"

"मॅडम, मैं बोलती तो आपका नाम कटता. सरकारी आदमी के सामने..."

"कौन सरकारी? वो मदद के वास्ते आया! इन्स्पेक्टर नहीं है!" मग आवाज खाली आणून म्हणाली, "मेरा बाबा घर में क्या बोलता था, मालूम? वो दुकान रफीक का है, मैं तो उधर काहवा पीने जाता."

मी म्हटलं, ते बोलण्यापुरतं असतं. खुर्ची तर त्यांचीच होती ना.

"कौन सा कुर्सी? ये?" तिने हात आपटला, तसं प्लास्टिक कुरकुरलं. "ये कुर्सी मेरा बाबा तुम्हारा बाबा के वास्ते लाया. कमर के वास्ते. मैं छोटा था, दुकान में साथ गया था. बाबा खुद बैठ के देखा, पीठ ठीक है कि नहीं. फिर हर हफ्ता घर आ के बोलता, रफीक आज भी नहीं बैठा. पता नहीं क्यों नाराज है."

बाबा, इतकी वर्षं ती खुर्ची दोघांच्या मध्ये होती. एकाने पाठीसाठी आणलेली, दुसऱ्याने सिंहासन म्हणून पुसलेली. ते म्हणत होते तुम्हारा, तुम्ही म्हणत होतात आपका, आणि दोघंही खरं बोलत होते. ते बाहेर बाकावर बसायचे ते तुम्ही आत बसावं म्हणून, आणि तुम्ही आत बसत नव्हतात कारण ते बाहेर होते. मिठाच्या त्या पुरचुंड्या आठवल्या. आईचा भाजलेला अंगठा आठवला. तुमच्यावर चिडले मी तेव्हा, मेलेल्या माणसावर चिडावं तशी, म्हणजे काही उपयोग नाही हे माहीत असून.

दुसऱ्या सकाळी, शेवटच्या दिवशी, पाहुणा आला तेव्हा मॅडम केबिनबाहेरच्या बाकावर बसली होती, तिच्या वडिलांच्या जागी. मी आत उभी. तिने काचेतून नुसती हनुवटी हलवली आणि म्हणाली, "यल्ला, उख्ती, बैठो." मी बसले. प्लास्टिक इतकं जोरात वाजलं की कारागीरसुद्धा वळून बघायला लागले. मग मी सांगितलं. लाकूड मी निवडते, वासावरून आणि वजनावरून. नक्षी माझ्या वडिलांची, त्यात मी भर घातली. गिरमिट का, ते सांगितलं, आणि मॅडम काय काय करते तेही, ऑर्डरी, परवाने, गिऱ्हाइकं, ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही. इंग्रजी अडखळत होतं. सरकारी तरुण फाइल मिटून ऐकत होता. पाहुणा शेवटी म्हणाला, "मग हे दोघी चालवता. दोन दिवस मी हेच तर विचारत होतो." योजनेला त्यात काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती माझ्या पायांत.

मॅनेजर बाहेरून येणार नाही. माझ्या कार्डावरचा 'कारकून' बदलायला अर्ज गेला आहे, व्हायचं तेव्हा होईल, इन्शाल्ला. प्रदर्शनाला मॅडम आणि मी दोघी जाणार, पेट्या भरून झाल्या आहेत. परवा मी खुर्चीवरचं प्लास्टिक काढलं. आतलं रेक्झिन नवं कोरं निघालं, कारखान्याचा वास अजून होता. चांगली खुर्ची आहे, बाबा. कमरेला नेमका तिथेच आधार लागतो, जिथे आई पुरचुंडी धरायची. बाहेर गाडीचं दार वाजलं की मी अजूनही आधी उठते, मग बघते कोण आलं. ते जाईल तेव्हा जाईल.

हे पत्र तुमच्यापर्यंत जाणार नाही, हे एका परीने बरंच आहे. गेलं असतं तर मजकुराचं सोडून तुम्ही आधी विचारलं असतं, लिहायला कुठे बसली होतीस गो? आणि मी सांगितलं असतं, डब्यावर.