कोरड्या तळ्यातल्या पाणकोंबड्या

मंगळवार, ९ जून
दुपारी तीन

ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मी बरी आहे. दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या बहिणीनं पत्र कशाला पाठवावं, म्हणून तू आत्ताच कपाळाला आठ्या घातल्या असशील. तर ऐक. साठ वर्षांत तुझ्यासमोर मला दुसरं वाक्य पुरं करता आलेलं नाही. कागदाला तू मध्येच तोडू शकत नाहीस.

आपल्या पक्षीमित्र मंडळाच्या खोलीचं छत पुन्हा गळतंय. मिस्त्री उद्या येतो म्हणाला, म्हणजे पुढच्या महिन्यात. दुर्बिणींना बुरशी लागू नये म्हणून दोन्ही घरी आणून ठेवल्यात. शिष्यवृत्तीचे अर्ज लोखंडी कपाटात आहेत, किल्ली माझ्याकडे.

हं. अर्ज.

उद्या सकाळी सभा आहे आणि तू त्या मुलीला नकाराचं पत्र पाठवणार आहेस. तळ्याचं पाणी सोडायचा दरवाजा सांभाळणाऱ्या गेटमनच्या मुलीला. 'अर्जात खोटी माहिती दिली' असं तिच्या कॉलेजलाही कळवणार, हे आपले चिटणीस मास्तर काल फोनवर मोठ्या खुशीत सांगत होते. त्यांना काय, आयतं कोलीत मिळालंय.

पोरीनं अर्जात लिहिलं तरी काय? तिला आपल्या तळ्यावरच्या पक्ष्यांचा अभ्यास करायचाय, पण आधी मंडळाची दर महिन्याच्या पक्षीमोजणीची नोंदवही तपासायला हवी. कारण दोन वर्षांमागच्या जानेवारीतल्या पहिल्या रविवारी वहीत सत्तावीस पाणकोंबड्या पोहतायत, आणि त्या दिवशी तळं कोरडं होतं. दरवाजाच्या दुरुस्तीसाठी आठवडाभर पाणी सोडलं होतं. ती स्वतः बापाबरोबर चिखलात उतरून अडकलेले मासे बादलीत भरत होती.

मुलाखतीत तू केवढी कडाडलीस! "पंधरा वर्षं आम्ही ही वही जिवापाड सांभाळली, आणि तू आम्हाला शिकवतेस?" पण ती मागे हटली नाही. "मॅडम, मी शिकवत नाही. तळ्यात पाणीच नव्हतं. बाबांना विचारा." तू म्हणालीस, बाप मुलीचीच बाजू घेणार. आता त्या आठवड्यात तू तुझ्या मुलाकडे होतीस, आणि मास्तर तर थंडीत पांघरुणाबाहेर नाकसुद्धा काढत नाहीत. मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, खाली सही तुमची आहे. त्या दिवशी तुम्ही आला होतात ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. तू तर अशी, जणू माझं उत्तर तुला पाठच आहे.

मी म्हटलं, "वहीत आहे ते बरोबर आहे."

ताई, ते बरोबर नाही. मी गेलेच नव्हते. त्याआधी डिसेंबरात तळ्याच्या बांधावरून घसरून माझं डावं मनगट मोडलं. तुला सांगितलं, बाथरूममध्ये पडले. बांधावर म्हटलं असतं तर त्याच संध्याकाळी तू वही काढून घेतली असतीस. 'तुझ्याच्यानं काही व्हायचं नाही' हे तुझं पालुपद मी शाळेपासून ऐकतेय गं. सगळ्या आयुष्यात ती वही ही एकच गोष्ट तू माझ्यावर सोपवलीस. मग जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, तीन महिने मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पक्षी मोजले. आदल्या वर्षीचं पान उघडायचं, दोन इकडे कमी करायचे, तीन तिकडे वाढवायचे. तीस लिहिणार होते. म्हटलं, फार गोल आकडा दिसेल, सत्तावीस बरे. बघ, लबाडीतसुद्धा किती काळजी घेतली मी!

तू म्हणशील, तीन पानांनी काय आभाळ कोसळतंय? मीही मनाला तेच समजावत होते, मुलाखतीपर्यंत. पण शुक्रवारी तिच्या प्रवेशाची शेवटची तारीख आहे. शिष्यवृत्ती गेली तर तिचं शिक्षण थांबणार, आणि वर खोटारडी म्हणून शिक्का बसणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते हेच. तळ्याकडे डोळे उघडे ठेवून बघणारं पोर हवंय, असं जाहिरातीत तूच लिहिलंस. ते समोर येऊन उभं राहिलं, तर आपण त्याला दाराबाहेर काढतोय. मला माझी लाज वाटते, ताई. चार रात्री डोळ्याला डोळा नाही.

तू चिडशील. मंडळाचं नाव घालवलंस म्हणशील. या वयातही मला तुझी भीती वाटते, आणि त्याहून जास्त माझा मलाच भरवसा नाही. उद्या तू नुसते डोळे वटारलेस, की मी पुन्हा 'बरोबर आहे' म्हणून मोकळी होईन. म्हणून या पत्राची नक्कल काढलीय. ती आत्ता त्या मुलीच्या हातात देऊन येते. बाकीचं आल्यावर लिहिते.

सव्वापाच

दिली.

गेटमन दारात सायकलच्या साखळीला तेल घालत होता. मुलीनं उभ्या उभ्याच सगळं वाचलं. मला वाटलं रडेल, नाहीतर चांगले चार शब्द सुनावेल. सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तिनं कागद उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "मग त्या तीन महिन्यांत खरंच किती होत्या?"

"माहीत नाही गं."

"मग तेवढंच लिहायचं होतं, मावशी. माहीत नाही म्हणून."

रागानं नाही म्हणाली. बाप मात्र साखळी अर्धीच सोडून आत गेला.

येताना मंडळाच्या खोलीत गेले. तिन्ही पानांवर आडवी रेघ मारली, 'मोजलं नाही' असं लिहिलं आणि खाली पूर्ण सही केली. वही या पत्रासोबत पाठवतेय. तुझी तू ठेव.

उद्या दहाला मी सभेला येतेय. तिलाही बोलावलंय. काय बोलायचं ते तिच्यादेखत बोल, पण मला बोल. तिला नको.

तुझी धाकटी,
जिच्यावर तू एकदा विश्वास टाकला होतास