मळीची वाट कोणाच्या नावावर

मी, संयोगिता नाथाजी डुबल, वय ७२, राहणार मौजे पिंपळमळी, ता. कराड, जि. सातारा, धंदा शेती, निवृत्त अंगणवाडी सेविका, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय आणि डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा उंब्रजच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. बाकीच्या अंगाबद्दल त्यांनी तेवढी खात्री दिलेली नाही. विश्रांती घ्या म्हणाले. ती मला जमत नाही. आत्तासुद्धा मधेच उठून शेळीला पाला टाकून आले, तेव्हा अक्षर कुठे बदललेले दिसले तर कोणी संशय घेऊ नये.

वकिलांनी छापील मसुदा दिला होता. त्यात नाव सोडले तर माझे काहीच नव्हते, म्हणून स्वहस्ते लिहिते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तसा कागद कोणी दाखवला तर तो खोटा समजावा.

१. राहते घर मुलगी प्रियदर्शनी हिला द्यावे. ती मिरजेला इस्पितळात परिचारिका आहे आणि सुट्टी मिळाली की इथे येऊन आधी झोपते, मग बोलते. मुलगा वीरधवल या घराला ‘जुनं स्ट्रक्चर’ म्हणतो. ज्याला ते घर वाटते त्याच्याकडे ते जावे.

२. बँकेतील ठेव दोघांना सारखी. बोरमाळ सूनबाईला, कारण तिने ती कधी मागितली नाही.

३. शिलाई मशीन अंगणवाडीतील माझी मदतनीस माया हिला द्यावे. माझ्या हाताखाली तिने इतकी वर्षे खिचडी शिजवली आणि माझी बोलणी खाल्ली. सरकारने आम्हा दोघींना कधी पगार दिला नाही, मानधन दिले. म्हणजे काम आहे, पण नोकरी नाही. याचा मला राग होता आणि अजून आहे. सेवा म्हणा, हरकत नाही, पण सेवा करणाऱ्यालाही पोट असते, हे सांगायला आम्ही साताऱ्याला मोर्चे काढले. खरे सांगायचे तर पगार मिळाला असता किंवा नसता, मी ती पोरे तशीच सांभाळली असती. फक्त हे मला सरकारला कळू द्यायचे नव्हते.

४. पहार, खोरी आणि घमेली कोणालाच देत नाही. ती गोठ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकून ठेवावीत. कुलूप लावू नये. कारण पुढे येईल.

५. शेतजमीन माझे यजमान नाथाजी यांनी हयातीतच माझ्या नावे केली होती. ती सर्व वीरधवलला द्यावी. यातून पूर्वेच्या कडेची पट्टी, जिच्यावरून मळीची वाट जाते, ती वगळली आहे. सगळे भांडण तिचेच आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

नदीकाठच्या रानाला आमच्याकडे मळी म्हणतात. गावात जवळजवळ प्रत्येक घराचा तुकडा मळीत आहे, पण पूर्वी तिथे जायला धड वाट नव्हती. चिखलात बैल रुतायचे, ऊस डोक्यावरून काढावा लागायचा, वस्तीवरचे आजारी माणूस घोंगडीत घालून आणायचे. नाथाजी तेव्हा सैन्यात सॅपर होते, सरहद्दीवरच्या डोंगरात रस्ते करत. सुट्टीवर आले की म्हणायचे, “आमी रस्ता करतो, पर त्याच्यावरनं कोण जातंय ते काय दिसत न्हाई. रस्ता झाला की आमची बदली.” हे सांगताना त्यांचा चेहरा उतरायचा. ते माझ्या मनातून गेले नाही. एका उन्हाळ्यात मी रानाच्या कडेची, ट्रॅक्टर जाईल एवढी पट्टी सोडली. मी काही दानशूर नाही, माझाही ऊस तिथूनच जाणार होता. पण त्या उन्हाळ्यात घराघरातून माणूस आला. मुरूम टाकला, दगड बसवले, भाकरी एकत्र खाल्ल्या. नाथाजी पुढच्या सुट्टीत आले ते घरात न शिरता वाटेच्या कडेला बसले आणि अंधार पडेपर्यंत कोण कोण जाते ते बघत राहिले.

त्या कामाला केरबा तेवढे आले नाहीत. केरबा माझे चुलत दीर, त्यांचे रान माझ्या रानाला लागून. “वैनी, आज वाट देताय, उद्या लोक घर मागत्याल,” असे मला सगळ्यांदेखत म्हणाले. मग वाट झाल्यावर पहिली गाडी त्यांचीच गेली. त्याआधी दरवर्षी नांगरटीला ते माझा बांध थोडा थोडा कोरत असत. वाट झाल्यापासून ते थांबले, कारण दगड नांगराला ऐकत नाहीत. हे मी विसरलेले नाही, इथे नोंदवून ठेवते.

आता वीरधवल. तो पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे. स्वतःच्या जिवावर तिथे पोचला, मला त्याचा अभिमान आहे. त्याला रानात फार्महाऊस बांधायचे आहे आणि वाटेला गेट लावायचे आहे. गेट तयार होऊन माझ्या अंगणात पडलेसुद्धा. लोखंडात त्याचे नाव कापलेले आहे आणि शेळी त्याला अंग घासते. मी नको म्हणाले तेव्हा तो म्हणाला, “आई, गावाची वाट, गावाची वाट म्हणतेस. मग खड्डा पडला की गाव कुठं असतं?”

ज्यांनी दगड बसवले त्यातले बरेच गेले. त्यांची पोरे खड्डा पडला की मला फोन करतात, “काकी, वाटेचं जरा बघा.” मी चिडते, त्यांच्या आईबापाचा उद्धार करते, पहार उचलते आणि जाते. कोणासाठी जाते? गावासाठी म्हणावे तर गाव मोबाईल बघत बसलेले. माझ्यासाठी म्हणावे तर माझा ऊस आता वर्षातून एकदाच जातो. पण बुजवलेल्या खड्ड्यावरून दुधाची गाडी न आदळता गेली की मला फार बरे वाटते. हे बरे वाटणे माझे एकटीचे की गावाचे, ते मला ठरवता येत नाही. आणि माझ्यामागे ते कोणालाच वाटणार नसेल तर वीरधवलचे खरे ठरेल, या विचाराने मला एका जागी बसवत नाही.

(इथे पुन्हा उठले होते. माया येऊन “बसा” म्हणून ओरडली.)

६. मी वकिलांना सांगितले, पट्टी सगळ्यांच्या नावावर करा. ते म्हणाले, “बाई, ‘सगळे’ असा वारस कागदावर चालत नाही. नाव सांगा.” मग ग्रामपंचायतीत गेले. तिथे वाटेच्या फलकावर कोणाचे नाव लावायचे यावरूनच दोन गट पडले आणि माझा अर्ज खालीच राहिला. वहिवाटीसाठी लोक कोर्टात जाऊ शकतात म्हणे. जातील, पण तोडलेला ऊस तारखेपर्यंत थांबत नाही.

मार्ग सापडला तो केरबांमुळे. केरबांच्या वडिलांना कोणीतरी सही घेऊन फसवले होते. तेव्हापासून केरबांनी कोणत्याही कागदावर सही केलेली नाही. लिहिता येते, अक्षर माझ्यापेक्षा बरे आहे. पण ठिबकचे अनुदान सोडले, पीक विमा सोडला, सही केली नाही. कागद पुढे केला की उलटा करून ठेवतात आणि त्यावर चहाची बशी ठेवतात. मी त्यांना या मृत्युपत्राला साक्षीदार व्हा म्हणाले. त्यांनी कागद उलटा केला. “वैनी, जीव मागा, देतो. सही मागू नगा.”

घरी येईपर्यंत माझे ठरले. मळीच्या वाटेची पट्टी वीरधवल आणि केरबा या दोघांना सामाईक द्यावी, न वाटता. ती बंद करणे, तिला गेट लावणे, विकणे किंवा वाटून घेणे यातले काहीही दोघांच्या सह्यांशिवाय होऊ नये. केरबांच्या पश्चात त्यांचा हिस्सा त्यांची नात स्वप्नाली हिला जावा. ती आजोबांवर गेली आहे, शाळेच्या सहलीचा कागदसुद्धा आधी वाचते, मग भांडते. वीरधवल, तू रागावशील. रागाव, पण तुझा ऊसही त्याच वाटेने जाणार आहे हे लक्षात ठेव.

७. गेट माझे नाही, त्यामुळे ते देण्याचा मला अधिकार नाही असे वकील म्हणाले. तेव्हा ही विनंती समजावी. ते अंगणवाडीला बसवावे, तिथे कुत्री आत येतात. बाळा, तुझे नाव त्यावर तसेच असू दे. रोज तीस पोरे ते ढकलतील.

८. कलम ६ मी काल केरबांना माझ्या अंगणात वाचून दाखवले. त्यांनी दोनदा वाचायला लावले.

“मंजी मला काय करावं लागंल?”

“काही नाही. आजवर जे केलं नाही तेच करायचं नाही.”

ते म्हणाले, “माझं नाव लागणार मंजी मला बघाया पायजे.” उठले, गोठ्याच्या भिंतीची पहार आणि घमेले उचलले आणि वाटेवरच्या, ओढ्याजवळच्या खड्ड्याकडे चालू लागले. मी अजून मेलेले नाही, हे त्यांना थांबवून सांगायला हवे होते. मी सांगितले नाही.

हे सर्व मी वाचून पाहिले, बरोबर आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष सही केली.

ठिकाण : पिंपळमळी, ता. कराड
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५

(सही) संयोगिता नाथाजी डुबल

साक्षीदार :
(सही) जयराज ज्योतिबा निकम, दूध संकलन केंद्र, पिंपळमळी
(सही) माया बिरदेव माने, अंगणवाडी मदतनीस. मशीन मिळणार म्हणून तिची साक्ष चालेल का, हे वकिलांना विचारले आहे. न चालल्यास दुसरा साक्षीदार बघू, पण मशीन तिचेच.