आबांना एवढंच सांग

कारापूर, डिचोली

दादा,

धाकट्या परशाचा तुला आणि वहिनीला नमस्कार. वैशालीचंही रक्त तपासलं, तिला काही नाही. म्हैस व्याली का?

माझ्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ निघालीय. एरवी सावकाश वाढली असती, पण एचआयव्हीमुळे झपाट्यानं पसरतेय, असं डॉक्टर म्हणाले. काळजी करू नकोस, गोळ्या चालू आहेत. जेवतोही, म्हणजे अर्धा पाव जातो. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की पडावंसं.

शिमग्याला वैशालीला घेऊन घरी येतोय. एचआयव्हीचं तुझ्याजवळच ठेव. आबांना सांग, परशानं गोव्यात दारू पिऊन लिव्हर घालवलं.

मी थेंबही घेतलेला नाही, तुला ठाऊक आहे. पण दारुड्या पोराला आबा शिव्या देतील, आणि मग शेजारी बसवून जेवायला वाढतील.

तुझा,
परशा